पाराखाली गाडलेला वड : खटाव तालुक्यातलं एक प्रकरण

२०२२ च्या वटपौर्णिमेच्या आदल्या रात्री आमच्या गावच्या वडाची उत्तरेकडची मोठी फांदी मोडली. वारा नव्हता, वळीव नव्हता. साडेअकराच्या सुमारास ट्रॉली पलटी झाल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ कावळ्यांचा कालवा. बॅटऱ्या घेऊन माणसं धावली. फांदी नळकोंडाळ्यावर आडवी पडली होती. सकाळी सातला तिथं पाण्याला पंधरा-वीस बायका असतात. रात्र होती म्हणून कुणाला खरचटलंही नाही.

सकाळी बायका पूजेचं ताट आणि सुताचं बंडल घेऊन आल्या, तर पाराभोवती दोर बांधलेला. त्या दिवशी पूजा लांबूनच झाली. दुपारपर्यंत गावात एकच चर्चा होती, की झाड आता धोक्याचं झालंय, पाडलेलं बरं.

मी याच गावचा. कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आलो. पुढची तीन वर्षं या वडाच्या मागं गेली. त्यात काय दिसलं, काय चुकलं आणि काय केलं, ते एके ठिकाणी लिहून ठेवतो आहे. माझ्या माहितीतल्या निदान पाच-सहा गावांत असाच पार झालेला आहे आणि तिथल्या झाडांचे शेंडे वाळायला लागलेत.

गाव येरळेच्या काठावर, पण येरळा वर्षातले आठ महिने वाळूचीच. हा पर्जन्यछायेचा भाग. महाबळेश्वर याच जिल्ह्यात आहे हे आमच्याकडच्या लहान पोरांना खरं वाटत नाही. अशा मुलखात वडाची सावली ही सोय असते, शोभा नव्हे. वडाचं वय कुणालाच ठाऊक नाही. लोक चारशे वर्षं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. छातीच्या उंचीवर दोरी लावून मोजला तेव्हा घेर ३४ फूट भरला, आणि त्यातही जुन्या पारंब्या बुंध्याला चिकटून एकजीव झालेल्या. वडाचं वय असं घेरावरून सांगता येत नाही.

वय नसलं तरी त्याचं काम सांगता येतं. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला रात्री छबिना निघतो, तो पहिल्यांदा थांबतो वडाखाली. पालखी टेकते, मानकऱ्यांना पान-सुपारी होते, मग सासनकाठ्या पुढं निघतात. आषाढात बेंदराला शिंगं रंगवलेली, झुली घातलेली बैलं वडाला फेरी मारूनच वेशीत जातात. आता गावात बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात, पण फेरी चुकलेली नाही. एसटीची वाट बघायची ती वडाखाली. १९७२ च्या दुष्काळात वैरण संपली तेव्हा याच वडाचा पाला तोडून जनावरांना घातला होता. आमच्या थोरल्या चुलत्यांनी स्वतः झाडावर चढून डहाळे पाडलेले. ते सांगायचे, “निम्मं झाड बोडकं केलं हुतं आमी. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्यांदा हिरवंगार.”

ही गोष्ट मला पुढं फार उपयोगी पडली. ज्या झाडानं निम्मा पाला गमावून दुष्काळ काढला, ते गावात पाणी योजना आल्यावर, कुणी कुऱ्हाड लावलेली नसताना का वाळतंय?

पहिल्यांदा लोकांच्या मनातली कारणं तपासली. त्यातलं एकही मी हसण्यावारी नेलं नाही.

म्हातारपण हे पहिलं कारण. पण झाड सगळीकडून थकलेलं नव्हतं. तालमीच्या मागं, दक्षिणेच्या अंगाला, फांद्या काळपट हिरव्या पानांनी भरलेल्या होत्या. म्हातारपण एका बाजूला येत नाही. दुसरं कारण २०१८-१९ चा दुष्काळ. तो माण-खटावला फार जाचला हे खरं, पण नदीकडेचे आणि पाणंदीतले वड परतीच्या पावसावर सावरले. हाच सावरला नाही. तिसरं वाळवी. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या प्रचंड वडाला २०१८ मध्ये वाळवी लागली होती आणि सलाईनसारख्या बाटल्या लावून त्याला औषध दिलं होतं. तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. पोरं म्हणाली, “नाना, आपण बी सलाईन लावू.” मी मोडलेल्या फांदीचा जोड, ढोली आणि बुंधा तपासला. वाळवीची मातीची नळी कुठंच नव्हती. नसलेल्या रोगाला औषध देऊन काय उपयोग?

आता २०१६ कडं यायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ तिथं आहे.

त्याआधी वडाला जुना पार होता. काळ्या दगडाचा, दीड फूट उंचीचा, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. आत माती, पालापाचोळा, मुंग्यांची वारुळं. पावसाळ्यात तिथं चिखल व्हायचा, पालखी टेकवताना मानकऱ्यांची धोतरं भरायची. उत्तरेकडचे चार-पाच दगड निखळलेले. पार नवा करावा असं सगळ्या गावाला मनापासून वाटत होतं.

गावातली बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळण्याचं काम. आमच्याकडची आणि खानापूर-आटपाडीकडची माणसं त्यासाठी पार केरळ-तमिळनाडूपर्यंत पसरली आहेत. अशाच एका घरातल्या कर्त्या माणसानं वडिलांच्या स्मरणार्थ पाराचा खर्च उचलला. त्याचे वडील तेरा-चौदा वर्षांचे असताना याच वडाखालून एसटीत बसून परमुलखाला गेले होते. पोराच्या मनात होतं, की जिथून आपला बाप गेला तिथं माणसांना स्वच्छ बसायला मिळावं. पैसा त्यानं हात आखडून दिला नाही.

काम असं झालं : जुने दगड काढून ट्रॉलीत भरून ओढ्याच्या बांधाला टाकले. बुंध्यापासून पंधरा फुटांवर साडेतीन फूट उंचीची आरसीसीची गोल भिंत उभी केली. आत वीस-बावीस ट्रॉल्या मुरूम भरून तो पाणी मारून ठोकला. वर सहा इंच काँक्रीट, त्यावर फरशी, आणि फरशी थेट बुंध्याच्या सालीला भिडवलेली, फटीत सिमेंट. बाहेरच्या मैदानालाही पेव्हर ब्लॉक. पाराखाली माणसांच्या डोक्याला लागतात म्हणून लोंबत्या पारंब्या सात-आठ फुटांवर छाटल्या. उद्घाटनाचा नारळ फुटला तेव्हा मी सुट्टीवर गावी आलो होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. आयुष्यभर शेतकऱ्यांना आंब्याच्या खोडाशी माती चढवू नका म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. हे मला आजही टोचतं.

तीन वर्षं काही दिसलं नाही. झाडाचं असंच असतं. मुळं गुदमरली तरी साठवलेल्या अन्नावर ते काही वर्षं रेटतं, आणि म्हणून घाव कुठला ते माणसांच्या लक्षात येत नाही. २०१९ पासून उत्तरेचे शेंडे वाळू लागले. पानं लहान आली. वडफळं कमी धरली, तशी त्यांच्यासाठी येणारी हरियालं, म्हणजे हिरवी कबुतरं, दिसेनाशी झाली. तांबट तेवढा ‘पुक-पुक’ करत राहिला. २०२१ ला बुंध्याच्या फरशीलगत ओलसर काळा डाग दिसला. त्यावर कुणीतरी गेरू लावला.

मग २०२२ ची फांदी, आणि १५ ऑगस्टची ग्रामसभा. विषय एकच, झाड पाडण्याचा ठराव.

लोकांना वाटत होतं, एवढं जुनं झाड, त्याला कायद्याचं संरक्षण असणारच. मी कागद काढून बघितले. वृक्षतोडीचा १९६४ चा जो राज्याचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन अशी सोळा झाडं आहेत. त्यात वड नाही, पिंपळही नाही. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानायची तरतूद २०२१ मध्ये आली, पण ती १९७५ च्या नागरी क्षेत्राच्या कायद्यात. ग्रामपंचायतीला ती लागू नाही. म्हणजे ज्या झाडाला गाव देव मानतं, ते वाचवायला गावाखेरीज कुणी नाही. हे मी सभेत वाचून दाखवलं, तेव्हा जरा शांतता झाली.

पाडा म्हणणारी माणसं वाईट नव्हती. नळकोंडाळ्यावर ज्याची सून रोज उभी असते, त्यानं भीती बोलून दाखवली तर ती खरीच आहे. एकानं मिरज तालुक्यातल्या भोशाच्या वडाचं उदाहरण दिलं. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणारा तो वड लोकांनी आवाज उठवून वाचवला होता. त्यावर दुसरा म्हणाला, “तिथं रस्ता आडवा आला हुता. हितं झाडच आपल्या अंगावर यायला लागलंय.” मुद्दा बिनतोड होता.

मग मागच्या रांगेतून आक्का उठल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, सभेत बोलायची सवय नाही. म्हणाल्या, “आमी दरसाल हितं सात जल्माचं मागनं मागतूय. ज्येच्याकडं मागतूय त्येला काय हुतंय, ते तरी एकदा उकरून बघा की.”

त्या ‘उकरून बघा’वर ठराव पुढं ढकलला गेला. महिनाभराची मुदत मिळाली.

सप्टेंबरात आम्ही दोन खड्डे घेतले. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिला खड्डा पारावर, बुंध्यापासून चार फुटांवर. दोन फरश्या उचलल्या, छन्नी-हातोड्यानं काँक्रीट फोडलं, खाली मुरूम. तो इतका घट्ट की पहार टणकन उडत होती. तीन फुटांखाली मूळची माती लागली. ती वर काढली आणि सगळ्यांनी नाक धरलं. मळीसारखा, आंबूस कुबट वास. माती निळसर काळी, चिकट. तिच्यातलं अंगठ्याएवढं मूळ मी बाहेर ओढलं, तर हाताला नुसती साल आली, ओल्या कागदासारखी. आतला गाभा तपकिरी भुसा. जिवंत मूळ एकही नाही.

दुसरा खड्डा तालमीच्या मागं, चाळीस फुटांवर, जिथं पेव्हर ब्लॉक पोचले नव्हते. खुरप्यानं पहिला वीतभर थर काढताच पांढरी, सुतासारखी मुळं दिसली, पालापाचोळ्यात जाळं विणल्यासारखी. माती भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. तालमीतल्या एका पोरानं ती मूठभर माती उचलली आणि पारावरच्या खड्ड्याशेजारी आणून ठेवली. दोन्ही ढीग जवळ जवळ. मग मला भाषण करावं लागलं नाही.

तरी कारण सांगायला हवं होतं, ते असं सांगितलं. मुळाला पाणी लागतं तशी हवाही लागते. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं खोल नसतात, बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांच्यावर तीन फूट ठोकलेला मुरूम आणि काँक्रीट आलं की हवा बंद. पावसाचं पाणी फरशीवरून वाहून जातं, आणि जे फटीतून आत शिरतं ते बाहेर पडत नाही. बुंध्याची साल उघड्यावर राहण्यासाठी असते; ती मातीत गाडली की ओलीनं कुजते, मग बुरशी आत शिरते. वडाला आणखी एक मार होता. लांब आडवी फांदी तो पारंब्यांच्या टेकूवर पेलतो. आपण टेकू छाटले आणि फांदी वाढू दिली. ती मोडायचीच होती.

हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाची गोष्टही सांगितली. त्याचा मूळ बुंधा कुजला म्हणून १९२५ साली काढून टाकला, तरी झाड पारंब्यांवर उभं आहे आणि वाढतं आहे. वैराटगडाच्या पायथ्याचा म्हसव्याचा वड बऱ्याच जणांनी पाहिलेला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच आलं, की वड म्हणजे एक खोड नव्हे.

निदान झालं. अडचण पुढंच होती. पार फोडायचा म्हणजे एका मुलानं बापाच्या नावानं केलेलं काम फोडायचं. फरशीत संगमरवरी पाटी होती, नाव आणि साल कोरलेली. कमिटीतलं कुणी त्याला फोन करायला धजेना. पावती फाडून घेताना आपणच हार घातलेला. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मी फोन केला नाही. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते. २०२३ च्या चैत्रात तो यात्रेला आला, तेव्हा सकाळी लवकर त्याला पारावर घेऊन गेलो. खड्डा आम्ही पत्रा टाकून झाकून ठेवला होता. पत्रा बाजूला केला. तो वाकला, वास आला, मागं सरकला. मग पुन्हा वाकला आणि हात घातला. बराच वेळ बोलला नाही. त्याच्या धंद्यात भट्टीपुढं बसून धातूचा रंग ओळखावा लागतो. डोळ्यांना दिसलेलं तो नाकारणारा माणूस नव्हे. शेवटी एवढंच म्हणाला, “नाना, आबा असते तर मला बोलले असते. फोडा. पाटी तेवढी मी काढतो.” छन्नी मागून घेऊन त्यानं स्वतः कडेनं ठोकत पाटी सोडवली. एका कोपऱ्याचा टवका उडाला. ती पटक्यात गुंडाळून घरी नेली.

काम मृगाचा पाऊस पडल्यावर सुरू केलं. उन्हाळ्यात मुळं उघडी पाडली असती तर उरलेलीही करपली असती. ब्रेकर फक्त कडेच्या भिंतीला लावला. आतलं काँक्रीट छन्नीनं आणि मुरूम घमेल्यानं काढला. बुंध्याजवळच्या शेवटच्या दोन फुटांत टिकावाला बंदी, फक्त खुरपं आणि हात. एका वर्षी निम्माच भाग, पूर्वेचा आणि उत्तरेचा. उरलेला २०२४ च्या पावसाळ्यात. सगळं एकदम काढलं असतं तर झाडाचा तोल आणि माणसांचा धीर दोन्ही सुटलं असतं.

बुंधा उघडा झाला तेव्हा कुजलेली साल जिवंत सालीपर्यंत खरवडली, वाळू दिली, आणि बोर्डो पेस्ट लावली : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ढोली सिमेंटनं भरा असं दोघा-तिघांनी सुचवलं. पूर्वी तसं करत. त्यानं ओल आत कोंडते आणि कूज वाढते, म्हणून ढोली मोकळी ठेवली. तिच्यात पिंगळ्याची जोडी आहे. जुन्या मातीवर शेणखतात कालवलेलं ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पसरलं आणि वर पालापाचोळ्याचा वीतभर थर. फक्त वाळलेल्या फांद्या काढल्या, हिरवी एकही नाही. पश्चिमेच्या लांब फांदीला लोखंडी टेकू दिला, फांदीखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवून. नळकोंडाळं तीस फूट सरकवलं. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पारंब्यांसाठी उभे चिरलेले बांबू वापरले. त्यांत माती-शेणखत भरून छाटलेल्या पारंब्यांची नवी टोकं आत सोडली आणि बांबू सुतळीनं बांधले. सात लावल्या. त्यांचं पाणी तालमीतल्या पोरांनी वाटून घेतलं, रोज एकानं.

आणि त्याच वर्षी, २०२३ ला, पावसानं ओढ दिली. ऑगस्ट कोरडा गेला. वाड्यावस्त्यांवर माणसांना टँकर, तिथं झाडाला पाणी कसं मागायचं? दोघा बागायतदारांनी आपल्या विहिरीवरून पंधरा दिवसांनी एक टाकी दिली, रात्रीची, कुणाला न सांगता. त्या पाण्यावर झाड तगलं असं मला वाटतं, पण खात्रीनं सांगायला माझ्याकडं जोडीला दुसरं, पाणी न दिलेलं झाड नाही.

नवा पार जुन्याच दगडांचा केला. ओढ्याच्या बांधातले दगड शोधून आणले. दोन ट्रॉल्या मिळाले. सिमेंट न घालता दगड बसवणारा कारागीर मात्र मिळेना. गवंडी म्हणायचे, “मालाशिवाय कसं उभं राहील?” शेवटी शेजारच्या गावातले वडार समाजातले एक आजोबा आले. डोळ्याला कमी दिसतं, पण दगड हातात घेऊन फिरवायचे, कुठल्या अंगावर बसेल ते बोटांना कळायचं. मोठ्या दोन दगडांमध्ये चिपा मारून ते पायानं दाबून बघत. उंची दीड फुटाचीच ठेवली आणि आतून बुंध्यापर्यंत नुसता पालापाचोळा. पालखी टेकवायला उत्तरेला चार पायांचा सुटा दगडी चौथरा केला, मुळं चुकवून. धोतरं भरण्याचा प्रश्न तेवढ्यानं सुटला.

पाटी परत आली. टवका उडालेलीच, तिथंच बसवली आहे, पाराच्या दर्शनी दगडांत.

आजची स्थिती सांगतो. पूर्वेच्या बाजूला २०२४ पासून नवी पालवी जोमात आहे, पानांचा आकार पूर्ववत. सातपैकी दोन पारंब्या जमिनीत रुजल्या आणि मनगटाएवढ्या झाल्या. तीन अजून बांबूत आहेत. दोन वाळल्या, कारण परीक्षेच्या दिवसांत पाण्याची पाळी चुकली. उत्तरेची बाजू सावरलेली नाही. मोडक्या फांदीच्या जागी बुंध्यात कूज किती खोल गेली आहे ते मला कळलेलं नाही, आणि त्या बाजूला उभं राहायला आजही मनाई आहे. मैदानातले पेव्हर ब्लॉक निम्मेच निघाले. बाजाराच्या दिवशी गाड्या लागतात, म्हणून बाकीच्यांवर एकमत होत नाही. ते निघेपर्यंत काम अर्धंच आहे, हे मी प्रत्येक ग्रामसभेत मांडतो आणि मांडत राहीन.

हरियालं गेल्या हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला पुन्हा दिसली. मी अकरा मोजली. दक्षिणेच्या फांदीवर होती, उत्तरेकडं एकही गेलं नाही.